ताटलीच्या कडेला सारलेलं पांढरं

झुरळाचं विच्छेदन शिकवताना बावीस वर्षं मी एक वाक्य न चुकता म्हणत आले. "आधी ते पांढरं सगळं काढून घ्या, मग आतलं नीट दिसेल."

ज्यांनी कधी झुरळ उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मेणाच्या ताटलीत झुरळ पालथं टाचायचं, ते बुडेल इतकं पाणी घालायचं आणि पाठीवरचे पापुद्रे दोन्ही कडांनी बारीक कात्रीनं कापून उचलायचे. खाली लगेच अन्ननलिका दिसेल अशी मुलांची अपेक्षा असते. दिसतात ते पांढरे, मऊ, कापसाच्या पिंजलेल्या तुकड्यांसारखे पुंजके. ते सगळीकडे असतात, आतड्यावर, स्नायूंच्या फटीत, अगदी पायांच्या मुळापर्यंत. ही फॅट बॉडी, कीटकाची चरबी साठवणारी ऊती. ब्रशनं आणि चिमट्यानं ती हळूहळू काढून ताटलीच्या कडेला सारायची. मग आतडं मोकळं होतं, आणि मध्यांत्र जिथे पश्चांत्राला मिळतं तिथे पिवळसर धाग्यांचा झुपका पाण्यात तरंगायला लागतो. शंभराहून जास्त धागे, केसापेक्षाही बारीक. या मालपिघी नलिका. हा क्षण मला आजही आवडतो. वर्गातली सगळ्यात गप्प मुलंसुद्धा इथे "अरे!" म्हणतात.

आणि मग मी सांगायचे, "ही झुरळाची मूत्रपिंडं. झुरळ युरिकोटेलिक आहे. शरीरातला टाकाऊ नायट्रोजन ते युरिक अ‍ॅसिडच्या रूपात विष्ठेवाटे बाहेर टाकतं." मुलं आकृती काढायची, नावं द्यायची, मी सही करायचे.

चार वर्षांपूर्वी एका मुलीनं कडेला सारलेल्या त्या पांढऱ्यातला कण स्लाइडवर घेतला. आमच्याकडे एका जुन्या सूक्ष्मदर्शकाला ध्रुवीकरणाच्या दोन काचा लावलेल्या आहेत, भूशास्त्राच्या विभागातून आलेल्या. तिनं सहज गंमत म्हणून स्लाइड त्याखाली धरली आणि मला हाक मारली. "मॅडम, चरबी अशी चमकते का?"

काळ्या पार्श्वभूमीवर बारीक गोल कण लखलखत होते. चरबीचा थेंब असा दिसत नाही. हे स्फटिकांचे गोळे होते, आणि पेशीच्या पेशी त्यांनी भरलेल्या होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उद्या सांगते" म्हटलं, आणि तो उद्या दोन महिन्यांनी उजाडला. हा लेख म्हणजे त्या मुलीला तेव्हा जे तुटक तुटक सांगितलं ते एकदा सलग लिहिण्याचा प्रयत्न आहे.

सुरुवात नायट्रोजनपासूनच करायला हवी. खाल्लेल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात. शरीराला लागतील तेवढी वापरली जातात. उरलेली जाळून ऊर्जा मिळवायची, तर आधी त्यांच्यातला नायट्रोजनचा भाग सुटा करावा लागतो. तो सुटला की अमोनिया होतो आणि अमोनिया पेशींना विषारी. पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला याची फारशी चिंता नसते, कारण अमोनिया पाण्यात सहज विरघळतो आणि निघून जातो. पण जमिनीवर? एक ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुरक्षितपणे बाहेर टाकायला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं. युरियाच्या रूपात टाकायचा तर ५० मिलिलिटर. युरिक अ‍ॅसिडच्या रूपात, जेमतेम १० मिलिलिटर. कीटकाचं अख्खं शरीर म्हणजे कवचात बंद केलेला पाण्याचा एक थेंब आणि आकाराच्या मानानं पृष्ठभाग मोठा, म्हणजे तो थेंब सतत सुकायच्या धोक्यात. त्याच्यासाठी हा फरक जगण्यामरण्याचा आहे.

युरिक अ‍ॅसिडचा रेणू मला फार देखणा वाटतो. कार्बन पाच, हायड्रोजन चार, नायट्रोजन चार, ऑक्सिजन तीन. प्रत्येक नायट्रोजनमागे हायड्रोजन फक्त एक. अमोनियात एका नायट्रोजनमागे तीन जातात, म्हणजे ज्यापासून पाणी होऊ शकलं असतं तो हायड्रोजन वाया जातो. शिवाय युरिक अ‍ॅसिड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, १०० मिलिलिटरमध्ये सहा-सात मिलिग्रॅम. घन होऊन बसलेली वस्तू आपल्याकडे पाणी ओढून घेत नाही, पेशींना इजा करत नाही. रेणू बांधायला ऊर्जा खर्च होते, पण पाणी वाचतं.

आता त्या पिवळ्या धाग्यांकडे. आपली मूत्रपिंडं रक्ताच्या दाबावर चालतात. दाबानं रक्तातलं पाणी आणि बारीकसारीक रेणू गाळले जातात, मग हवं ते परत घेतलं जातं. कीटकात रक्तवाहिन्यांचं जाळं नाही. अवयव रक्तरसात नुसते बुडून असतात, दाब असा नाहीच. मग एका टोकाला बंद असलेल्या या नळीत द्रव शिरतो कसा?

याचं उत्तर ज्या प्रयोगातून आलं तो मी माझ्या हातांनी करून पाहिला, म्हणून त्यावर जरा थांबते. जेम्स आर्थर रॅमझे या केंब्रिजच्या संशोधकानं १९५४ मध्ये काडीकिड्याची एक मालपिघी नलिका शरीरातून बाहेर काढली. तिला त्याच किड्याच्या रक्तरसाच्या थेंबात ठेवलं आणि तो थेंब पॅराफिन तेलाखाली बुडवला. नळीचं उघडं टोक थेंबाबाहेर तेलात ओढून ठेवलं. शरीर नाही, हृदय नाही, दाब नाही, तरी त्या टोकातून द्रव झिरपत राहिला आणि तेलात त्याचा स्वतंत्र थेंब तयार झाला. थेंबाचा व्यास मोजायचा, त्यावरून आकारमान काढायचं. इतकं साधं. रॅमझेनं दाखवलं, की नळीच्या भिंतीतल्या पेशी पोटॅशियम ऊर्जा खर्चून आत ओढतात आणि पाणी त्याच्यामागून येतं. पुढे त्या पंपाचा पत्ताही लागला. पेशीच्या आतल्या कडेला असलेलं व्ही-एटीपीएज हे प्रथिन प्रोटॉन नळीच्या पोकळीत ढकलतं, ते प्रोटॉन परत येताना त्यांच्या बदल्यात पोटॅशियम-सोडियम पेशीतून पोकळीत जातात, क्लोराइड पाठोपाठ, आणि मग पाणी. नळी दाबाची वाट पाहत नाही, ती स्वतः ओढते.

मी काडीकिडे पाळले, सहा वेळा नळी तुटली, सातव्या वेळी जमलं. तेलात एक थेंब, आधी टाचणीच्या टोकाएवढाही नाही. अर्ध्या तासानं तो ठळक दिसायला लागला. मी खुर्चीतून उठले नाही. एका कीटकातून काढलेला अवयव, एकाच पेशीच्या थराची भिंत असलेला, काचेखाली माझ्यासमोर आपलं काम करत राहिला होता.

नळीतून आलेल्या पातळ द्रवाचं घन कसं होतं, हे व्हिन्सेंट विगल्सवर्थनं १९३१ मध्येच रोडनियस या रक्त पिणाऱ्या ढेकणावर दाखवलं होतं. त्याला चारच नलिका असतात. वरच्या भागात द्रव स्वच्छ, त्यात युरेट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे क्षार, विरघळलेले. खालच्या भागात पाणी परत शोषलं जातं, द्रव किंचित आम्लधर्मी होतो आणि युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक दिसायला लागतात. रोडनियस एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त पितो आणि काही तासांत त्यातलं जास्तीचं पाणी टाकून देतो, कारण इतक्या फुगलेल्या शरीरानं त्याला हलताही येत नाही. पाणी वाचवणं हे कीटकांचं सूत्र असं आपण म्हणतो, पण हा त्याच नळ्यांनी पाणी फेकतो. पिठातल्या भुंगेऱ्याच्या अळीत उलट टोक. तिच्या नलिकांची टोकं गुदाशयाला चिकटून, एका आवरणात बांधलेली असतात, आणि ही जोडगोळी विष्ठेतलं पाणी इतकं ओढते की हवेतली आर्द्रता सुमारे ८८ टक्क्यांच्या वर असेल तर हवेतली वाफसुद्धा शोषली जाते.

नलिकांच्या संख्येतही काही नेम नाही. फळमाशीला चार, डासाला पाच, रेशमाच्या अळीला सहा. माव्याला एकही नाही. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या तर याच नळ्यांतून रेशीम काढून कोष विणतात. न्यूझीलंडच्या गुहांमध्ये छताला लटकून निळसर उजेड देणाऱ्या अरॅक्नोकॅम्पा या माशीच्या अळ्या आहेत, त्यांचा प्रकाश या नळ्यांच्याच टोकांतून येतो.

इथपर्यंत सगळं माझ्या जुन्या वाक्याशी जुळतं होतं. अडचण पुढे आली.

१९७२ मध्ये मलिन्स आणि कॉक्रन या दोघांनी सायन्स नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं, की झुरळांच्या नायट्रोजन उत्सर्जनात युरिक अ‍ॅसिड हा प्रमुख पदार्थ नाही. त्यांनी तपासलेल्यांत अमेरिकन झुरळ होतं, पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, म्हणजे माझ्या ताटलीतलं तेच. ते बाहेर टाकतं मुख्यतः अमोनिया. युरिक अ‍ॅसिड ते बनवतं, भरपूर बनवतं, पण टाकत नाही. फॅट बॉडीत साठवतं.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. ज्या पेशींमध्ये नायट्रोजनचा खरा हिशेब ठेवलेला होता त्या मी दरवर्षी चिमट्यानं उचलून कडेला ठेवायला लावत होते आणि पिवळ्या धाग्यांकडे बोट दाखवून चुकीचं सांगत होते. त्या मुलीला दिसलेले चमकते गोळे युरेटचे होते. झुरळाला प्रथिनं जास्त मिळाली की हा साठा वाढतो. नायट्रोजन कमी असलेल्या अन्नावर दिवस काढायची वेळ आली की तो घटतो. आणि घटतो म्हणजे वापरला जातो.

वापरतं कोण, हा यातला सर्वांत मोठा विषय. फॅट बॉडीत तीन तऱ्हेच्या पेशी असतात. काहींत चरबी, काहींत युरेट, आणि काहींत जिवंत जीवाणू खच्चून भरलेले. या जीवाणूचं नाव ब्लाटाबॅक्टेरियम. तो मोकळा कुठेही राहत नाही. झुरळाची मादी तो अंड्यातून पुढच्या पिढीला देते, आणि हा वारसा कोट्यवधी वर्षं चालू आहे. २००९ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा पूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला. जनुकं थोडीच उरलेली, पण जी टिकली आहेत त्यांत युरिया फोडणारं विकर (एन्झाइम) आहे आणि युरिया-अमोनियातला नायट्रोजन पकडून अमिनो आम्लं घडवण्याची यंत्रणा आहे. झुरळाला प्रतिजैविकं देऊन हे जीवाणू मारले, तर युरिक अ‍ॅसिडचा साठा वाढत जातो आणि फॅट बॉडी खडूसारखी पांढरीफटक होते. काढून घेणाराच उरला नाही, तर साठा साचणारच.

जर्मन झुरळाचा नर तर हा साठा मादीला देतो. समागमाच्या वेळी शुक्राणूंच्या पुडीवर युरेटचा पांढरा थर चढवलेला असतो. मलिन्स आणि कील यांनी १९८० मध्ये दाखवलं, की तो नायट्रोजन मादीच्या अंड्यांपर्यंत पोचतो. वाळवीतही जवळपास हेच. लाकूड खाणाऱ्याला नायट्रोजन मिळणार तरी किती? १९८१ मध्ये पोट्रिकस आणि ब्रेझनॅक यांनी वाळवीच्या आतड्यातले जीवाणू युरिक अ‍ॅसिड फोडून त्यातला नायट्रोजन वाळवीला परत देतात हे मांडलं. मला 'टाकाऊ' हा शब्द तेव्हापासून उच्चारताना अडखळायला होतं. विद्यार्थ्यांच्या वहीत तो शब्द दिसला की मी तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढते.

युरिक अ‍ॅसिड हा शब्द माझ्या घरात मात्र वेगळ्या कारणानं होता. बाबांना गाऊट होता. पायाचा अंगठा लाल होऊन सुजायचा, चादरीचा स्पर्शही सोसायचा नाही. आपल्या आणि वानरांच्या पूर्वजांमध्ये युरिक अ‍ॅसिड फोडणाऱ्या युरिकेज विकराचं जनुक निकामी झालं. म्हणून आपल्यात ते साचू शकतं, आणि सांध्यात स्फटिक झाले की असं होतं. बाबा रोज रात्री अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी घ्यायचे. युरिक अ‍ॅसिड तयार करणाऱ्या विकराला ती अडवते.

फळमाशीत 'रोझी' नावाचं एक उत्परिवर्तन आहे. त्यात हेच विकर नसतं, माशीला युरिक अ‍ॅसिड बनवता येत नाही आणि तिचे लाल डोळे तपकिरी होतात. १९६५ मध्ये केलर आणि ग्लासमन यांनी साध्या, निरोगी फळमाश्यांना अ‍ॅलोप्युरिनॉल खाऊ घातलं आणि त्यांचे डोळेही रोझीसारखे तपकिरी झाले. हे मी वाचलं तेव्हा बाबा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना हे सांगायला फार आवडलं असतं. त्यांना प्रत्येक औषध "नेमकं करतं काय" हे हवं असायचं, आणि "तुमची गोळी माशीचे डोळे बदलते" हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं असतं.

साठवण फॅट बॉडीतच असते असंही नाही. रेशमाची अळी पांढरी दिसते ती कशामुळे? तिच्या त्वचेच्या पेशींत युरिक अ‍ॅसिडचे कण खच्चून असतात, त्यांच्यावरून प्रकाश परत फिरतो. ज्या वाणांत हे कण साचत नाहीत त्यांच्या अळ्या तेल लावलेल्या कागदासारख्या अर्धपारदर्शक होतात, आतलं आतडं बाहेरून दिसतं. त्यांतल्या एका वाणात दोष आहे तो रोझी माशीतल्याच विकराच्या जनुकात. मार्चेल्लो मालपिघीनं १६६९ मध्ये जिच्या शरीररचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला ती हीच रेशमाची अळी. त्यानं आतल्या बारीक नळ्या पाहिल्या, काढल्या, आणि पुढे त्यांना त्याचं नाव मिळालं. त्या नळ्यांपर्यंत जाताना त्याची सुरी ज्या त्वचेतून गेली, तीही याच कामाला जुंपलेली होती.

आणि कोषातला कीटक? त्याला तर बाहेर टाकायला वाटच नाही. अळीचं शरीर मोडून फुलपाखराचं बांधलं जात असताना जे काही साचतं ते आतच राहतं, आणि बाहेर आल्यावर पंख वाळताना एकदम टाकलं जातं. कधी मातकट, कधी अगदी रक्तासारखं लाल. १६०८ च्या जुलैमध्ये फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्स शहराच्या परिसरात भिंतींवर लाल थेंब दिसले आणि रक्ताचा पाऊस पडला म्हणून लोक घाबरले. निकोला पेरेस्क नावाच्या विद्वानानं एक मोठा कोष डबीत ठेवला होता. त्यातून फुलपाखरू निघालं आणि तळाशी लाल डाग राहिला. मग त्यानं डाग कुठे आहेत ते पाहिलं. छपरांवर नव्हते. पाऊस पोचणार नाही अशा आडोशाच्या जागी होते. पेरेस्कचं हे डाग शोधत फिरणं मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते.

आता प्रात्यक्षिकात मी दोन गोष्टी बदलल्या आहेत. पांढरं काढायचं, पण काचेच्या वाटीत ठेवायचं. आणि ज्या बरणीत झुरळं ठेवली होती तिच्या तळाची विष्ठा वेगळी गोळा करायची. फॅट बॉडीतली चरबी आधी अल्कोहोल आणि क्लोरोफॉर्मनं धुवून काढतो, मग कोमट लिथियम कार्बोनेटच्या द्रावणात युरेट उतरवतो, कारण साध्या पाण्यात ते येतच नाही. विष्ठेचंही तसंच. गाळलेला अर्क चिनी मातीच्या बशीत घ्यायचा, नायट्रिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब, वाफेवर सुकवायचं. मग काचकांडीनं पातळ अमोनिया. जांभळा रंग आला तर युरिक अ‍ॅसिड आहे.

मागच्या तुकडीच्या वेळी ती जुनी विद्यार्थिनी, आता एमएस्सीला आहे, मुद्दाम मदतीला आली होती. दोन बशा शेजारी शेजारी होत्या. विष्ठेची बशी पिवळी होती, अमोनियानं नारिंगी झाली आणि तिथेच थांबली. फॅट बॉडीच्या बशीत तळाशी लालसर कडा उरली होती. अमोनिया लागताच ती जांभळी झाली, आधी एका ठिपक्यात, मग पसरत पसरत सगळी बशी भरून. मुलं वाकून बघत होती. मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, मग वहीत काय लिहायचं?"

"जे दिसलं ते," ती माझ्याआधी म्हणाली, आणि बशी पुढच्या टेबलाकडे सरकवली.